जुना पीसी अडखळतोय? रॅम कमी आहे की खराब, ते आधी ओळखा

"पीसी खूप हँग होतोय, रॅम वाढवू का?"

हा मेसेज मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. बहुतेक वेळा नाशिकमधल्याच एखाद्या घरातून. ताईच्या कॉलेजसाठी दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेला डेस्कटॉप कोपऱ्यात असतो. एरवी सगळं मोबाईलवर चालतं. पण सीईटीचा लांबलचक फॉर्म भरायचा असला, प्रोजेक्टची प्रिंट काढायची असली किंवा फोन भरला म्हणून फोटो कुठेतरी टाकायचे असले, की सगळ्यांना त्या पीसीची आठवण होते. आणि नेमका तेव्हाच तो रुसतो.

यावर मी लगेच "हो, वाढव" म्हणत नाही. कारण रॅम कमी असणं आणि रॅम खराब असणं हे दोन वेगळे आजार आहेत. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, पण इलाज वेगळा आहे. कमी रॅम फक्त तुमचा वेळ खाते. खराब रॅम तुमच्या फाइल्स खाते, तेही न सांगता. म्हणून पैसे खर्च करण्याआधी हे तपासून घ्या. बहुतेक तपासण्या फुकट आहेत आणि घरीच होतात.

रॅम म्हणजे नेमकं काय?

मोबाईलमुळे हा शब्द सगळ्यांना माहीत आहे. फोटो, गाणी जिथे कायमची राहतात ते स्टोरेज, म्हणजे घरातलं कपाट. रॅम म्हणजे ओटा. जे आत्ता चाललंय तेवढंच ओट्यावर येतं, आणि वीज गेली की ओटा रिकामा.

रॅम भरली की अँड्रॉइड मागे उघडी असलेली ॲप्स गुपचूप बंद करतं. विंडोज सहसा तसं करत नाही. ते ओट्यावरचं सामान उचलून कपाटात, म्हणजे हार्ड डिस्कवर ठेवतं आणि लागलं की परत आणतं. काही फोनमध्ये 'व्हर्च्युअल रॅम' नावाची सोय असते, तीही याच जातीची. पण हार्ड डिस्क रॅमपेक्षा फारच हळू असते. ही ने-आण वाढली की माउसचा बाणसुद्धा जागचा हलत नाही. आपण त्याला 'हँग झाला' म्हणतो.

आधी बघा: रॅम कमी पडतेय का?

कीबोर्डवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स' आणि मग 'मेमरी' निवडा. आता नेहमीचं काम सुरू करा: क्रोममध्ये चार-पाच टॅब, एखादी वर्डची फाइल. आकडा ८५-९० टक्क्यांच्या वर जाऊन तिथेच राहिला आणि त्याच वेळी डिस्क १०० टक्के दाखवत असेल, तर रॅम कमी पडतेय असं समजायला हरकत नाही.

अशा वेळी खर्च करण्याआधी दोन गोष्टी करा. टास्क मॅनेजरमध्येच 'स्टार्टअप' नावाचा भाग आहे. पीसी सुरू होताना आपोआप उघडणारे, तुम्ही कधीच न वापरणारे प्रोग्राम तिथून बंद करा. मग क्रोमची एक्स्टेन्शन्स तपासा आणि नको ती काढून टाका.

याउलट मेमरी ४०-५० टक्केच वापरली जातेय आणि तरीही पीसी अडखळतोय, तर नवी रॅम घेऊन काहीच फरक पडणार नाही. दोष दुसरीकडे आहे. बहुधा म्हाताऱ्या झालेल्या हार्ड डिस्कमध्ये.

४ जीबी टाकली, पण दिसते सव्वातीनच

हा प्रश्न जुन्या पीसीत हमखास येतो आणि लोक दुकानदारावर चिडतात. बऱ्याचदा त्याचा दोष नसतो. सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम' आणि मग 'अबाउट' उघडून बघा. तिथे ३२-बिट लिहिलं असेल, तर कारण सापडलं. ३२ बिटांत मेमरीचे २ चा ३२वा घात इतकेच पत्ते लिहिता येतात. म्हणजे बरोबर ४ जीबी. त्यातलेही काही पत्ते ग्राफिक्स आणि इतर हार्डवेअरला द्यावे लागतात. उरते साधारण सव्वातीन ते साडेतीन जीबी. अशा मशीनमध्ये ८ जीबी टाकली तरी फायदा शून्य.

उपाय म्हणजे ६४-बिट विंडोज नव्याने टाकणं. पण ते आहे त्यावर चढवता येत नाही, सगळं पुसून टाकावं लागतं. जुन्या प्रिंटरचा ६४-बिट ड्रायव्हर मिळतो का, हेही आधी बघून ठेवा. नाहीतर रॅम मिळेल आणि प्रिंटर जाईल.

खराब रॅमची लक्षणं

- पीसी सुरू होतो, पंखा फिरतो, पण स्क्रीनवर काहीच नाही. आपल्याकडे याला 'डिस्प्ले येत नाही' म्हणतात.
- सुरू करताना थांबून थांबून बीप वाजत राहते. बीपचा अर्थ कंपनीप्रमाणे बदलतो, पण वारंवार बीप आली की पहिला संशय रॅमवर घ्यायचा.
- निळी स्क्रीन येते आणि दर वेळी वेगळंच कारण दाखवते. त्यात 'मेमरी मॅनेजमेंट' असे शब्द वाचले असतील, तर संशय पक्का.
- विंडोज टाकताना मध्येच एरर येते, तीही दर वेळी वेगळ्या टप्प्यावर.
- झिप फाइल उघडत नाही, फोटो अर्धा राखाडी दिसतो. तीच फाइल पुन्हा डाउनलोड केली की नीट उघडते.

यातलं शेवटचं लक्षण सगळ्यात घातक. फाइल कॉपी होताना ती रॅममधून जाते. रॅमच्या एखाद्या पेशीत ० चा १ झाला, तर चुकलेली फाइल डिस्कवर लिहिली जाते आणि विंडोजला त्याचा पत्ताही लागत नाही.

एका बिटाने काय होतं? २००३ मध्ये बेल्जियमच्या निवडणुकीत ब्रसेल्स भागातल्या स्कारबेक इथे मतमोजणीच्या संगणकाने एका उमेदवाराला ४,०९६ मतं जास्त दाखवली. आकडा अशक्य होता म्हणून तपासणी झाली. सॉफ्टवेअरमध्ये चूक सापडली नाही. ४,०९६ म्हणजे २ चा १२वा घात, म्हणून मेमरीतला एक बिट आपोआप उलटला असावा असा निष्कर्ष निघाला. सर्व्हरच्या रॅममध्ये अशा चुका पकडणारी 'ईसीसी' नावाची सोय असते. आपल्या घरच्या डेस्कटॉपमध्ये ती सहसा नसते.

म्हणून हा नियम लक्षात ठेवा: रॅमवर संशय असेल, तर त्याच मशीनवर बॅकअप घेऊ नका. 'बिघडायच्या आत फोटो पेनड्राइव्हवर घेतो' असं वाटणं साहजिक आहे, पण कॉपीच बिघडलेली निघू शकते. आधी खराब स्टिक शोधून काढा, किंवा हार्ड डिस्क काढून दुसऱ्या चांगल्या पीसीला जोडा. मगच कॉपी करा. तोवर विंडोजही नव्याने टाकू नका.

काढा, पुसा, बसवा

रॅम खरंच खराब असेल असं नाही. बऱ्याचदा स्लॉटमध्ये धूळ बसलेली असते किंवा स्टिक किंचित हललेली असते. त्यात पावसाळ्याची दमट हवा आली की संपर्क आणखी कच्चा होतो.

१. स्विच बंद करून वायर सॉकेटमधून काढा. मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा, म्हणजे आत उरलेला करंट निघून जाईल.
२. नाशिकच्या कोरड्या थंडीत स्वेटर काढताना चटचट आवाज येतो ना? ती स्थिर वीज रॅमची चिप जाळू शकते. स्वेटर आधीच काढून ठेवा आणि आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा.
३. काहीही काढण्याआधी मोबाईलवर दोन-तीन फोटो काढा. कोणती स्टिक कुठे होती, ते नंतर आठवत नाही.
४. स्लॉटच्या टोकाची क्लिप बाहेर दाबा, स्टिक वर येईल. तिला फक्त कडेने धरा.
५. सोनेरी पट्ट्यांवरून पांढरं मऊ खोडरबर हलक्या हाताने फिरवा. खरवडू नका, तो मुलामा अगदी पातळ असतो. कचरा ब्रशने झटका. हँड सॅनिटायझर नको, त्यात बहुतेक वेळा ग्लिसरीन असतं.
६. ब्लोअरने धूळ उडवताना पंखा बोटाने धरून ठेवा.
७. स्टिकची खाच आणि स्लॉटमधला उंचवटा जुळवा. मग दोन्ही टोकांना अंगठ्याने 'टक' आवाज येईपर्यंत सरळ दाबा.

एवढ्यावर पीसी सुरू झाला तरी पुढची परीक्षा घ्याच.

खरी परीक्षा: मेमटेस्ट

स्टार्टमध्ये 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' शोधा. ते पीसी रीस्टार्ट करून रॅम तपासतं. पहिल्या चाळणीला ते ठीक आहे. जास्त कसून तपासायला 'मेमटेस्ट८६ प्लस' हा फुकट, ओपन सोर्स प्रोग्राम आहे. चांगल्या पीसीवर त्याचा पेनड्राइव्ह बनवा, जुना पीसी त्यावरून सुरू करा आणि टेस्टला रात्रभर चालू द्या. निदान एक पूर्ण फेरी तरी व्हायला हवी.

लाल रंगात एक जरी एरर आली, तर रॅम नापास. इथे ३५ टक्क्यांना पास करत नाहीत. मग एकेक स्टिक एकटीच, त्याच स्लॉटमध्ये लावून तपासा. एरर स्टिकबरोबर फिरली तर स्टिक खराब. चांगली स्टिकही एखाद्या ठरावीक स्लॉटमध्ये नापास होत असेल, तर स्लॉट खराब. सगळ्याच स्टिका सगळीकडे नापास झाल्या, तर संशय मदरबोर्डवर किंवा एसएमपीएसवर जातो. त्या वेळी पीसी मेकॅनिककडे न्या.

माझ्या मामांचं पंचवटीत डीटीपीचं काम आहे. ऐन लग्नसराईत त्यांच्या पत्रिकांच्या फाइल्स अधूनमधून उघडेनाशा झाल्या. व्हायरस समजून त्यांनी दोनदा विंडोज टाकून घेतलं होतं. रात्रभर टेस्ट लावली, तर २-२ जीबीच्या दोन स्टिकांपैकी एक नापास निघाली. ती काढली आणि २ जीबीवर काम हळू, पण बिनचूक सुरू झालं.

नवी स्टिक घेताना

आता मामांना ४ जीबीची स्टिक हवी होती. आणली, लावली, तर डिस्प्लेच येईना. स्टिक चांगली होती, अडचण बोर्डाची होती. त्यांचा बोर्ड इंटेल जी४१ चिपसेटचा. डीडीआर३ च्या जी४१ बोर्डाला ४ जीबीची स्टिक १६ चिपांची, म्हणजे दोन्ही बाजूंना चिपा असलेली लागते. ८ चिपांची नवीन घडणीची त्याला ओळखता येत नाही. असे बोर्ड अजून बऱ्याच घरांत आहेत, म्हणून दुकानात चिपा मोजूनच घ्या.

बाकी नियम सोपे आहेत. डीडीआर२, डीडीआर३ आणि डीडीआर४ एकमेकांच्या जागी बसत नाहीत, खाच वेगळ्या जागी असते. जबरदस्ती करू नका. एच६१ चिपसेटच्या बोर्डात साधारण दोन स्लॉट असतात आणि १६ जीबीपर्यंत रॅम चालते. जुनी स्टिक सोबत घेऊनच दुकानात जा. एमजी रोडवर सेकंडहँड घेणार असाल, तर बदलून देण्याची मुदत आधी ठरवा आणि त्याच रात्री मेमटेस्ट लावा.

किती खर्च करायचा?

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि इतक्या जुन्या मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. त्यामुळे मोठा खर्च करू नका. फॉर्म, टायपिंग आणि यूट्यूबसाठी एक सेकंडहँड स्टिक, जमलं तर छोटी एसएसडी आणि लिनक्स मिंट एवढं पुरतं. पण त्या डिस्कवर आजीचे, लहानपणीचे फोटो असतील, तर नव्या रॅमचा विचार नंतर करा. आज रात्री आधी टेस्ट लावा.