पणजीची गाणी आणि इलेक्ट्रिक गिटार

‘रॉक’ म्हटलं की पुष्कळजणींच्या कपाळाला आठी पडते. मुलांच्या खोलीतून येणारा ढणढणाट, एवढीच आपली त्याच्याशी ओळख! पण १९७०च्या आसपास इंग्लंडमधल्या काही तरुणांनी हाच रॉक हाताशी धरून आपल्या पणजीच्या, खापरपणजीच्या काळची गाणी पुन्हा जागी केली. ती हकिगत ऐकण्यासारखी आहे.

ती गाणी टिकली होती साध्या माणसांच्या तोंडी. सेसिल शार्प या संगीतशिक्षकाने १९०३ पासून सॉमरसेटच्या खेड्यापाड्यांत हिंडून ती वहीत टिपली. त्याला गाणी सांगणाऱ्यांत हॅम्ब्रिज गावच्या लुइझा हूपर आणि लूसी व्हाइट या कष्टकरी बहिणी होत्या. पुढे १९३० साली लंडनमध्ये त्याच्या नावाची वास्तू उभी राहिली आणि तिथे लोकगीतांचं ग्रंथालय झालं.

मे १९६९ मध्ये ‘फेअरपोर्ट कन्व्हेन्शन’ या बँडच्या गाडीला कार्यक्रमाहून परतताना अपघात झाला. ड्रम वाजवणारा मार्टिन लॅम्बल गेला, जेमतेम एकोणीस वर्षांचा; सोबतची एक मैत्रीणही गेली. वाचलेल्यांना आधीची गाणी वाजवणं नकोसं झालं. त्या उन्हाळ्यात ते हॅम्पशायरमधल्या एका घरात एकत्र राहिले. अ‍ॅशली हचिंग्जने शार्पच्या ग्रंथालयात जाऊन जुनी गाणी धुंडाळली, सँडी डेनीने ती गायली, आणि त्याच वर्षाअखेर ‘लीज अँड लीफ’ ही तबकडी निघाली.

तिच्यात ‘टॅम लिन’ हे स्कॉटलंडचं कथागीत आहे. परीराणीच्या कैदेतल्या प्रियकराला सोडवायला गरोदर जेनेट रात्री एकटी जाते. तिच्या मिठीत तो कधी साप होतो, कधी सिंह. पण ती हात सोडत नाही. दुःखातून उठू पाहणाऱ्या त्या मुलांनी हेच गीत निवडावं, याचं मला फार वाटतं.

हचिंग्जने पुढे सुरू केलेल्या ‘स्टीलाय स्पॅन’ने तर १५८२ साली छापलेल्या संग्रहातलं ‘गौदेते’ हे लॅटिन नाताळगीत एकही वाद्य न घेता गायलं. १९७३च्या अखेरीस ते ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चौदाव्या क्रमांकापर्यंत चढलं!

सगळ्यांत धीट मात्र ‘ग्रिफन’. रिचर्ड हार्वे आणि ब्रायन गलंड हे लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्यूझिकचे विद्यार्थी. त्यांनी हाती घेतलं क्रमहॉर्न. सोळाव्या शतकातलं हे लाकडी वाद्य छत्रीच्या मुठीसारखं वाकडं असतं. सनईसारखी दुहेरी पत्ती असते, पण टोपणाखाली झाकलेली. वादकाचे ओठ तिला लागतच नाहीत. म्हणून आवाज लहानमोठा करता येत नाही, भुंग्यासारखा एकसुरी गुणगुणतो. सूरही सप्तकाहून थोडेच जास्त. अशा वाद्याशेजारी त्यांनी बासून, गिटार आणि ड्रम बसवले. १९७३च्या पहिल्या तबकडीत राजा आठव्या हेन्रीचं गीत होतं. १९७४च्या ‘रेड क्वीन टू ग्रिफन थ्री’मध्ये बुद्धिबळावर बेतलेल्या चार लांबलचक रचना आहेत, शब्द एकही नाही. अशा वळणं घेत जाणाऱ्या रॉकला ‘प्रोग्रेसिव्ह’ म्हणतात. त्यातल्या ‘येस’ या बड्या बँडबरोबर ग्रिफनने अमेरिकेचा दौराही केला. १९७७ नंतर मंडळी पांगली. २००९ मध्ये पुन्हा जमली आणि २०१८ मध्ये नवी तबकडी काढली.

जुन्या गाण्याला गिटार लावली की ते बाटलं, असं म्हणणारे तिथेही होते. पण नुसतं वहीत जपलेलं गाणं म्हणजे फडताळातलं जरीचं लुगडं. घडी मोडली नाही, तर घडीवरच विरतं.

ऐकायचं असेल तर सुरुवात ‘गौदेते’पासून करावी, ते तीनेक मिनिटांचं आहे. मग ‘टॅम लिन’, आणि सवड असेल त्या दुपारी ग्रिफन. घरातल्या मुलांनाही बोलवावं. ढणढणाटातलं जुनं आपण ओळखू, जुन्यातला ठेका ती ओळखतील. जेनेटसारखं, रूप बदललं तरी हात सोडू नये, एवढंच.