अंग तापते म्हणून थांबू नका
व्यायामाने अंग तापले की मल्टिपल स्क्लेरॉसिस या मज्जासंस्थेच्या आजाराच्या रुग्णाची नजर धूसर होते, हे जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्ये नोंदवले. पुढे कित्येक दशके रुग्णांना विश्रांतीच सांगितली गेली. केवढे नुकसान! १९९६ मध्ये अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या अभ्यासात ५४ रुग्णांपैकी एका गटाने १५ आठवडे, आठवड्यातून तीनदा ४० मिनिटे व्यायाम केला. दमसास आणि ताकद दोन्ही वाढली. उष्णतेचा हा त्रास अंग निवल्यावर ओसरतो. तरी मध्य प्रदेशातल्या बदनावरला उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा पहाटेच चालावे, मानेवर ओले फडके ठेवावे. तोल जात असल्यास खुर्चीत बसून व्यायाम करावा. नवी लक्षणे दिसली, तर आधी मेंदूविकारतज्ज्ञांना गाठावे.