माघाच्या उन्हात, कमरेइतक्या उंचीची बाग

माघ महिन्यात पडेगावच्या परिसरात पहाटेचा गारठा असतोच. मात्र दहा वाजण्याच्या सुमारास ऊन अंगाला जाणवू लागते. थंडी ओसरण्याचा हा काळ उन्हाळी भाज्यांच्या पेरणीचा. आपल्या घरातील ज्येष्ठांसाठी तो आणखी एका कारणाने मोलाचा आहे. ते कारण मला माझ्याच एका चुकीने शिकवले.

काही वर्षांपूर्वी सत्तरी ओलांडलेल्या एक आजी परसात घसरून पडल्या. हाड मोडले नव्हते, तरीही मी घरच्यांना बजावले, "आता बागकाम बंद." तीन महिन्यांनी त्या पुन्हा आल्या, तेव्हा चाल मंदावली होती आणि जेवणावरची वासना उडाली होती. "डॉक्टर, सकाळी उठून करायचं काय, तेवढं सांगा," त्या म्हणाल्या. माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्यांना पाडले होते ते शेवाळलेल्या फरशीने, झिजलेल्या चपलेने आणि उकिडवे बसून झटकन उठण्याच्या सवयीने. ती तिन्ही तशीच राहिली होती. बंद झाली होती ती केवळ बाग.

मग मुलाने फरशी घासून घेतली, कुंड्या विटांच्या कट्ट्यावर कमरेच्या उंचीला मांडल्या आणि शेजारी हातांची खुर्ची ठेवली. आपणही प्रारंभ येथूनच करावा. बियाणे नंतर, जागा आधी.

आता बियाण्याकडे वळू. जानेवारीअखेरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत भेंडी, गवार, काकडी, दोडका, कारले आणि दुधी लावता येतात. रात्री फार गार असतील तर भेंडीचे बी रुजायला वेळ लागतो. म्हणून ते रात्रभर पाण्यात भिजवून पेरावे. साधारण दीड महिन्यात पहिली तोडणी मिळते. 'परभणी क्रांती' हा भेंडीचा वाण आपल्याच मराठवाड्यातील परभणीच्या कृषी विद्यापीठाचा. टोमॅटो, वांगी व मिरची यांची रोपे आधी लहान कुंडीत वाढवून चार-पाच आठवड्यांनी मोठ्या कुंडीत हलवावीत. पालक व मेथी महिन्याभरात हाती येतात. ज्यांचा उत्साह लवकर मावळतो त्यांनी येथूनच सुरुवात करावी. फळांपैकी पपईचे रोप मोठ्या पिंपातही वाढते. अंगणात मोकळी जागा असल्यास खरबुजाचा वेल लावावा. पाणी आपल्याकडे जपूनच वापरावे लागते. तांदूळ व भाज्या धुतलेले पाणी कुंड्यांना घालावे आणि मातीवर वाळलेल्या पाल्याचे आच्छादन पसरावे.

आता थोडे शरीराविषयी. काम सकाळी, ऊन चढण्यापूर्वी आणि एका वेळी अर्धा तासच करावे. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर बसल्यावरून उठताना क्षणभर थांबावे. एकदम उठल्यास रक्तदाब घसरून भोवळ येऊ शकते. मधुमेहींनी अनवाणी मातीत उतरू नये, कारण बधिर तळव्याला काटा रुतल्याचे कळत नाही. कुंडी हलवताना खालच्या विंचवाचे भान ठेवावे. धनुर्वाताची लस घेऊन १० वर्षे उलटली असतील तर ती घ्यावी. कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा कोरड्या कराव्यात. डेंग्यूचा डास तेथेच वाढतो.

जागतिक आरोग्य संघटना दररोज किमान ४०० ग्रॅम भाज्या व फळे खाण्यास सांगते. मात्र मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी टोमॅटो-पालकाचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे, कारण त्यांत पोटॅशियम बरेच असते. रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरिन ही गोळी घेणाऱ्यांनी पालेभाजीचे प्रमाण अचानक वाढवू वा घटवू नये.

एक गोष्ट मात्र सर्वांनी ध्यानात ठेवावी. घरचा दुधी असो वा बाजारचा, तो कडू लागला तर टाकून द्यावा. दुधी, काकडी यांच्या कुळात काही वेळा कुकरबिटासिन नावाचे विषारी द्रव्य वाढते. कडू दुधीच्या रसाने रक्ताच्या उलट्या, रक्तदाब खालावणे आणि मृत्यूही ओढवल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत. यावर उतारा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञ समितीचा सल्ला साधा आहे: रस काढण्यापूर्वी लहानसा तुकडा चाखावा, कडू लागल्यास तो दुधी वापरू नये आणि दुधीचा रस अन्य रसांत मिसळू नये, कारण त्यात कडवटपणा लपतो. रस प्यायल्यावर मळमळ, उलटी किंवा पोटात कळ आली तर घरगुती उपाय न करता तत्काळ रुग्णालय गाठावे.

शुश्रूषा करणाऱ्यांना एकच विनंती. जड माती उचला, पाण्याची झारी अर्धीच भरून द्या. मात्र कोणती कुंडी कोठे ठेवायची आणि भेंडी केव्हा तोडायची, हे ज्येष्ठांनाच ठरवू द्या. वय झाले की घरातील निर्णय एकेक करून दुसऱ्यांच्या हाती जातात. चार कुंड्यांपुरते तरी ते त्यांच्याकडे राहावेत.

त्या आजी आता दवाखान्यात येतात त्या रक्तदाब तपासायला. तपासणी आटोपली की पिशवीतून मूठभर कोवळी भेंडी माझ्या टेबलावर ठेवतात आणि तीच भाजी कशी करावी, हे मलाच समजावून सांगतात.