दारातल्या झाडाचे दुखणे

भिवापूरच्या मिरचीच्या वावरात पाने आवळू लागली, की शेतकरी लगेच वाकून पाहतो. पानाच्या कडा वर वळल्या असतील तर फुलकिडे, खाली वळल्या असतील तर कोळी, आणि झाडच खुरटून शेंड्याला पानांचा गुच्छ झाला असेल तर पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू, हा फरक त्याला नजरेने कळतो. बोलताना तो या सगळ्यालाच ‘बोकड्या’ म्हणतो; कृषी खात्याची पत्रके ‘चुरडामुरडा’ लिहितात. भौगोलिक मानांकन मिळालेल्या या मिरचीने नागपूरच्या आग्नेयेकडल्या या तालुक्याला नाव तर दिलेच, शिवाय रोग ओळखण्याची नजरही दिली.

दारातला निंब, शाळेपुढचा गुलमोहर, कुंपणाची जास्वंद यांच्या वाट्याला मात्र ही नजर येत नाही. झाड वठले, की ‘उन्हाने गेले’ एवढ्यावर विषय संपतो. याला एक कारण आहे. पिकाचे नुकसान त्याच हंगामाच्या हिशेबात दिसते. झाडाचा आजार सावकाश चालतो. मुळे कुजू लागल्यावर शेंडा वाळायला कधी कधी दोन-तीन वर्षे जातात. गटारासाठी चर खणला जातो एका साली आणि झाड कोसळते तिसऱ्या पावसाळ्यात. मधल्या काळात त्या दोन घटनांची सांगड घालणारे कुणी उरत नाही.

आपल्या परसातल्या आणि रस्त्याकडेच्या झाडांचे नेहमीचे आजार एकेक करून पाहिले, तर बुरशी आणि कीड यांच्याइतकाच माणसाचा हातही त्यांत पुन्हा पुन्हा दिसतो.

निंबाचे वाळलेले शेंडे

२०२१च्या पावसाळ्यानंतर तेलंगणात रस्तोरस्ती कडुनिंबाची झाडे शेंड्याकडून तपकिरी पडली. निंबाला रोग होत नाही, अशी आपली पिढ्यान् पिढ्यांची समजूत. त्यामुळे लोक हादरले. तेलंगणाच्या सीमेला लागून असलेल्या विदर्भातही वाळक्या शेंड्यांची चर्चा झाली. या शेंडेमरीमागच्या बुरशीचे नाव फोमॉप्सिस अझाडिराक्टी. म्हैसूर विद्यापीठातील संशोधकांनी १९९७ मध्ये ती नवी प्रजाती म्हणून नोंदवली होती, म्हणजे शास्त्राला ती अचानक भेटलेली नव्हती.

या रोगाचे वेळापत्रक पावसाशी बांधलेले आहे. पाऊस सुरू झाला की कोवळ्या डहाळ्यांवर लक्षणे दिसू लागतात, पावसाळ्याच्या उत्तरार्धात ती वाढतात आणि हिवाळ्याच्या तोंडाशी झाड सर्वांत भकास दिसते. ही बुरशी बियांतूनही पसरते. रोगट झाडाखालच्या निंबोळ्या गोळा करून रोपे केली, तर रोगही रोपवाटिकेत जातो. काजूवर येतो त्याच जातीचा ढेकण्या, म्हणजे हेलोपेल्टिस, निंबाच्या कोवळ्या फुटीतला रस शोषतो, आणि त्याने केलेल्या बारीक जखमा बुरशीचे काम सोपे करतात. म्हणून निंब वाळतो तेव्हा एकट्या बुरशीकडे बोट दाखवणे पुरेसे नसते.

तेलंगणातील कृषी शास्त्रज्ञांनी कार्बेन्डाझिम, थायोफिनेट मिथाइल यांसारखी बुरशीनाशके सुचवली होती. रोपवाटिकेत आणि लहान झाडांवर त्यांचा उपयोग आहे. अंगणातल्या चाळीस फुटी निंबावर, खाली विहीर, गोठा आणि वर मोहोळ असताना, फवारणी करणे धोक्याचे आणि बहुधा व्यर्थही. तिथे वाळलेल्या डहाळ्या कोरड्या हवेत, जिवंत लाकडाच्या थोड्या आत कापून जाळून टाकणे आणि उन्हाळ्यात खोलवर पाणी देणे हाच हाताशी असलेला मार्ग. दिलासा एवढाच, की निंब चिवट आहे. बरीच झाडे पुढच्या वसंतात खालच्या फांद्यांतून पुन्हा फुटतात.

काळी जमीन आणि साचलेले पाणी

विदर्भातली काळी माती झाडाची दोन्हीकडून परीक्षा घेते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, जमिनीला भेगा पडतात आणि त्या भेगांबरोबर अन्न-पाणी शोषणारी तंतुमुळे तुटतात. जुलैत तीच जमीन फुगते, पाणी धरते, आणि तुटलेल्या मुळांच्या टोकांशी दिवसेंदिवस चिखल राहतो. फायटोफ्थोराला याहून सोयीचे काही नाही. बुरशीसारखा दिसणारा हा सूक्ष्मजीव खरे तर वेगळ्या कुळातला आहे. त्याचे बीजाणू पाण्यात पोहतात, आणि साचलेल्या पाण्यातून ते मुळापर्यंत व खोडाच्या बुडापर्यंत पोचतात.

संत्रा बागायतदार त्याला ‘डिंक्या’ म्हणून ओळखतो. खोडाच्या बुडाशी साल काळपट होते, चिरते, तिच्यातून डिंक गळतो आणि वरची पाने पिवळी पडतात. नागपुरात १९८५ पासून लिंबूवर्गीय फळांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे आणि डिंक्या हा तिच्या अभ्यासाचा कायमचा विषय राहिला आहे. तिथून बागांपर्यंत पोचलेला एक उपाय परसातल्या लिंबालाही तसाच लागू पडतो: दुहेरी आळे. खोडाभोवती मातीचे एक लहान कडे करायचे, त्याच्या बाहेर दुसरे, आणि पाणी या दोहोंच्या मधल्या जागेतच सोडायचे. खोड कोरडे राहते, मुळांना पाणी मिळते.

दुसरा उपाय बोर्डो मलम. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात भिजवायचे, मग एकत्र करायचे. मिश्रणात लोखंडी विळ्याचे पाते बुडवून पाहतात. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजावे. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर, जमिनीपासून साधारण तीन फुटांपर्यंत खोडाला हे मलम लावले, की मातीच्या शिंतोड्यांबरोबर उडणारा रोग सालीत शिरत नाही.

या मिश्रणाचा जन्म रस्त्याकडेच्या वेलींवरच झाला. फ्रान्समधील बोर्दो परिसरात वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून मळेवाले रस्त्यालगतच्या वेलींवर मोरचूद-चुन्याचे निळसर पाणी शिंपडत. १८८२ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ पियेर मिलार्दे यांना दिसले, की केवड्याने आतल्या वेली झडल्या, पण रस्त्याकडेच्या या वेली हिरव्या राहिल्या. त्यांनी प्रयोग केले आणि १८८५ मध्ये मिश्रण जाहीर केले.

कुऱ्हाडीचा घाव

अमेरिकी वन सेवेतील अ‍ॅलेक्स शायगो यांनी आयुष्यभर झाडे उभी-आडवी चिरून पाहिली. ही संख्या पंधरा हजारांवर गेली. १९७७ मध्ये त्यांनी मांडलेला सिद्धांत आज जगभरातल्या वृक्षशल्यकामाचा पाया आहे. झाडाची जखम माणसाच्या जखमेसारखी भरून येत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती रासायनिक भिंती उभारते, तो भाग कोंडून टाकते आणि बाहेरून नवे लाकूड चढवते. दहा वर्षांपूर्वीचा घाव आत तसाच असतो. भिंती टिकल्या तर झाड टिकते.

या भिंतींपैकी सर्वांत कामाची जागा फांदीच्या बुडाशी असते. तिथे एक फुगीर कडे दिसते. कडे राखून त्याच्या लगत बाहेर कापले, तर झाड जखम बंदिस्त करू शकते. खोडाला घासून सपाट कापले, तर कडेही जाते आणि कुजण्याला थेट खोडात वाट मिळते. उलट लांब खुंट ठेवला, तर तो वाळून कुजतो आणि तिथूनच बुरशी आत उतरते. जड फांदी खालून अर्धवट, मग वरून थोडी पुढे, आणि शेवटी कड्याजवळ, अशी तीन घावांत कापावी. म्हणजे ती कोसळताना खोडाची साल ओरबाडत नाही.

जखमेला डांबर किंवा ऑइलपेंट फासण्याची आपली रीतही शायगो यांच्या कामाने मोडीत काढली. अशा लेपाने कुजणे थांबत नाही. काही वेळा आत ओल कोंडून ते वाढते. बोर्डो मलमाची गोष्ट वेगळी. ते स्वतः बुरशीनाशक आहे आणि ते लावण्याचा हेतू जखम झाकणे हा नसून पाण्याबरोबर येणारा रोग अडवणे हा आहे.

वीजतारांखालची छाटणी बहुतेक ठिकाणी मे-जूनमध्ये उरकतात. तुटक्या फांद्यांच्या ताज्या जखमा आणि लगोलग येणारा पाऊस, ही गाठ रोगाच्या सोयीची पडते. गुलमोहर, सुबाभूळ, शिरीष यांच्यावर मग काही वर्षांनी बुडाशी कडक, तपकिरी, वरून लाखेसारखी चकाकणारी अळंबी उगवते. ती गॅनोडर्मा. ती दिसते तोवर आतली मुळे आणि बुंधा बऱ्याच अंशी पोखरलेला असतो, म्हणून अळंबी खरवडून काढण्याने काहीच साधत नाही. लाकडी हातोड्याने बुंधा ठोकून पाहावा. पोकळ आवाज आला आणि झाड रस्त्यावर किंवा घरावर झुकलेले असेल, तर जाणकाराला बोलवायला उशीर करू नये. ही बुरशी मुळांना मुळे लागूनही पसरते. झाड काढले तर बुंधा आणि जाड मुळेही काढावी लागतात.

जखमा कुऱ्हाडीच्याच असतात असे नाही. जाहिरातीच्या फलकाचा खिळा, गाय बांधायची साखळी, बुंध्याशी जाळलेला पालापाचोळा, शोभेच्या दिव्यांची आवळलेली तार, या सगळ्यांनी साल फाटते. पुण्यातून २०१८ मध्ये ‘आंघोळीची गोळी’ या गटाने खिळेमुक्त झाडांची मोहीम सुरू केली आणि ती राज्यातल्या अनेक गावांत पोचली. खोडापर्यंत ओतलेल्या सिमेंटबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांसंदर्भात स्पष्ट निर्देश दिले: बुंध्याभोवतीचे एक मीटर मोकळे करा. रस्ते रुंद करणाऱ्या आणि पेव्हर बसवणाऱ्या प्रत्येक नगरपंचायतीने हा एक मीटर आपल्या कामाच्या आराखड्यात धरायला हवा. मुळांना हवा लागते, आणि गुदमरलेले मूळ ही रोगाची पहिली पायरी असते.

जास्वंदीवरचा पांढरा कापूस

झुडपांची कथा निराळी आहे. तिथे शत्रू बहुधा बाहेरून आलेला असतो. २००५ नंतरच्या काही वर्षांत देशाच्या कापूसपट्ट्यात फेनाकॉकस नावाचा पिठ्या ढेकूण झपाट्याने पसरला. कापूस काढून झाल्यावर तो गाजर गवतावर आणि घरोघरच्या जास्वंदीवर मुक्काम करी आणि पुढच्या हंगामात परत वावरात जाई. पाठोपाठ २००८ मध्ये तमिळनाडूत पपईवरचा पिठ्या ढेकूण आढळला. तो पपईपुरता राहिला नाही. जास्वंद, चाफा, तुती यांवरही गेला. २०१० मध्ये बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी पोर्तो रिकोहून असेरोफॅगस ही इवलीशी परोपजीवी गांधीलमाशी आणून सोडली आणि या ढेकणाला आवर बसला. कपाशीवरच्या ढेकणालाही एका परोपजीवी गांधीलमाशीने बरेचसे रोखले.

दारातल्या जास्वंदीवर सरसकट कडक कीटकनाशक मारले, तर या मित्रमाश्या आधी मरतात. पाण्याच्या जोरदार झोताने ढेकूण पाडणे, साबणाचे पाणी किंवा निंबोळी अर्क फवारणे आणि फार माखलेली फांदी कापून टाकणे पुरते. ढेकूण, मावा, पांढरी माशी यांच्या गोड विष्ठेवर काळी काजळी चढते. संत्रापट्टा तिला ‘कोळशी’ म्हणतो. ती काळी बुरशी पान खात नाही, उजेड अडवते. कीड गेली की काजळी पावसाने धुऊन निघते.

कुंपणाच्या मेंदीवर आणि बोरीवर पिवळा धागा दिसला, तर ती अमरवेल. तिला पान नाही, जमिनीत मूळ नाही. यजमानाच्या देठात शोषके रुतवून ती जगते. तुकडा राहिला तरी पुन्हा वाढते, म्हणून फुले येण्याआधी ती यजमानाच्या फांदीसकट कापावी. आंब्यावर आणि मोहावर चढणारे बांडगूळ फुलटोच्या पक्षी पसरवतो. चिकट बी तो फांदीला पुसून ठेवतो. बांडगूळ स्वतःचे अन्न स्वतः करते, पण पाणी आणि क्षार झाडाचे घेते. फळे धरण्यापूर्वी, त्याच्या बुडाच्या बऱ्याच आतून फांदी काढली तरच त्याचा उपद्रव थांबतो.

जे दिसते ते मरण नसते

उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याच्या बाजूचे सागवन ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या दरम्यान कधी कधी करपलेले दिसते. जवळ गेले की पानांच्या शिरांची नुसती जाळी उरलेली असते. पाने जाळीदार करणाऱ्या अळीचे हे काम. पावसाच्या सुरुवातीला कोवळी पाने फस्त करणारी अळी दुसरी, हिब्लिया. तिच्यावर केरळच्या वन संशोधन संस्थेने एका विषाणूचा वापर विकसित केला आहे. साग मात्र मरत नाही. वाढ खुंटते, नवी पालवी येते.

असेच दोन निर्दोष आरोपी आहेत. खोडावरचे राखाडी-हिरवे दगडफूल रोग नव्हे; ते सालीतून काही घेत नाही. मातीचे पापुद्रे चढवणारी वाळवीही मोठ्या झाडावर बहुधा मेलेली सालच खाते. याउलट भुशाची जाळी लोंबताना दिसली, तर साल खाणारी अळी आत भोक पाडून बसलेली असते. जाळी झाडून, भोकात तार घालून अळी मारावी आणि भोक मातीने लिंपावे.

एकाच जातीची रांग लावण्याची हौस आपण सोडायला हवी. युरोपात रस्तोरस्ती एल्म होते. १९७०च्या दशकापासून एका बुरशीने ब्रिटनमध्ये कोट्यवधी एल्म नेले. भिवापूरच्या एका रस्त्यावर निंब, करंज, चिंच, बहावा, मोह, अर्जुन अशी मिसळ असेल, तर एका जातीवर रोग आला तरी सारी सावली एकदम जाणार नाही.

झाड आजारी वाटले तर नमुना तालुका कृषी कार्यालयात, किंवा १९०६ पासून चालत आलेल्या नागपूरच्या कृषी महाविद्यालयात वनस्पती रोगशास्त्र विभागाकडे न्यावा. पूर्ण वाळकी काडी नेऊन उपयोग नाही. तिच्यावर नंतर आलेल्या भलत्याच बुरश्या सापडतात. जिथे हिरवे संपून वाळके सुरू होते तो तुकडा घ्यावा, सोबत तंतुमुळे असलेली मूठभर माती घ्यावी, फांदी कागदात गुंडाळावी; प्लास्टिकमध्ये ती वाटेतच कुजते. आणि बरोबर एका चिठ्ठीवर लिहून न्यावे: लक्षणे कोणत्या महिन्यात सुरू झाली, शेवटची छाटणी कधी झाली, बुंध्याशी पाणी किती दिवस साचते, आणि गेल्या तीन वर्षांत झाडाजवळ कुणी काय खणले किंवा ओतले.