जुन्या चेनसॉचा श्वास कुठे अडकतो?

१९६० च्या दशकात अमेरिकेत होमलाइट कंपनीचा एक्सएल-१२ हा चेनसॉ आला. मॅग्नेशियमच्या ओतीव भागांमुळे साखळी-पट्टीशिवाय त्याचं वजन सहा किलोच्या आतच राहिलं. अशी जुनी यंत्रं आजही दुरुस्त होऊन सुरू होतात.

बंद पडलेल्या यंत्रात बहुधा इंजिन नव्हे, तर कार्ब्युरेटर दगा देतो. करवत आडवी-तिरपी धरावी लागते, म्हणून त्यात जुन्या मोटारसायकलींसारखा तरंगता फ्लोट नसतो. त्याचं काम डायफ्रॅम हा पातळ, लवचीक पडदा करतो. इंजिनच्या क्रँककेसमधला दाब वरखाली होतो, त्या ठोक्यांवर दुसरा डायफ्रॅम टाकीतलं पेट्रोल ओढतो. कालांतराने हे पडदे कडक होतात आणि इंधन पुढे सरकेनासं होतं. इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुन्या रबरी नळ्याही खराब होतात.

सुटे भाग शोधताना चेनसॉच्या नावावर अडून राहू नका. कार्ब्युरेटरवर तो बनवणाऱ्या टिलॉटसन किंवा वॉल्ब्रो कंपनीचा मॉडेल क्रमांक कोरलेला असतो. तोच कार्ब्युरेटर इतर यंत्रांतही बसवलेला असल्याने डायफ्रॅम-गॅस्केटचा संच त्या क्रमांकावरून मिळू शकतो. साखळीसाठी पिच (दुव्यांमधलं अंतर), गेज (पट्टीच्या खाचेत बसणाऱ्या ड्राइव्ह लिंकची जाडी) आणि ड्राइव्ह लिंकची संख्या, या तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत. ठिणगी पडत नसेल, तर फ्लायव्हीलखालचे कॉन्टॅक्ट पॉइंट आधी साफ करा.

मात्र जपून! त्या काळच्या अनेक चेनसॉना चेन ब्रेक नाही. करवत उसळली, तर साखळी थांबवणारं काहीच नसतं.