१.९ नंतर १.१०? नंबर वाढवायचं काम मशीनला द्या!

सेमिस्टर संपत आलं की पेनड्राइव्हमध्ये 'प्रोजेक्ट_फायनल', 'प्रोजेक्ट_फायनल_२', 'प्रोजेक्ट_खरंच_फायनल' अशी भावंडं दिसायला लागतात. तिथे ते चालून जातं, कारण फाइल उघडणारा माणूस असतो. सॉफ्टवेअरच्या पॅकेजला मात्र मशीन तपासतं, आणि ते फक्त व्हर्जन नंबर बघतं.

आपल्या भागातलंच घ्या. गडचिरोली-चंद्रपूरच्या कॉलेजांत गोंडी बोलणारी कितीतरी मुलं-मुली आहेत. गोंडीची मसराम लिपी युनिकोडमध्ये आली २०१७ साली, १०.० या व्हर्जनमध्ये. गुंजाला गोंडी आली पुढच्या वर्षी, ११.० मध्ये. (हे गुंजाला गाव शेजारच्या आदिलाबाद जिल्ह्यातलं.) फोनमधला फॉन्ट त्याआधीचा असेल, तर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. समजा, तुम्ही ही अक्षरं घालून फॉन्टचं पॅकेज केलंत, पण नंबर वाढवायचा राहिला. अपडेट तपासणारा प्रोग्रॅम म्हणणार, 'हे तर आहेच माझ्याकडे', आणि गप्प बसणार. तुमची मेहनत पूर्ण, एटापल्लीतल्या फोनवर चौकोन तसेच!

विसरायला होतंच, कारण नंबर एकाच जागी नसतो. कोडमध्ये, पॅकेजच्या माहितीच्या फाइलमध्ये, बदलांच्या यादीत, गिटच्या टॅगमध्ये... तीन ठिकाणी बदलला की चौथं हमखास राहतं. अँड्रॉइडमध्ये तर लोकांना दिसणारा नंबर वेगळा आणि आतला 'व्हर्जन कोड' वेगळा. आतला वाढला नाही, तर प्ले स्टोअर नवी फाइल घेतच नाही.

म्हणून नंबर एकाच जागी ठेवायचा आणि बाकी काम स्क्रिप्टवर सोडायचं. पायथॉनमधलं 'सेटअपटूल्स-एससीएम' गिटच्या टॅगवरूनच नंबर काढतं. जावास्क्रिप्टवाल्यांनी 'एनपीएम व्हर्जन पॅच' एवढी कमांड दिली की नंबर बदलतो, कमिट होतो, टॅगही लागतो.

पण तीनपैकी कुठला आकडा वाढवायचा? साधी दुरुस्ती असेल तर शेवटचा, नवी सोय दिली तर मधला, जुनं वापरणाऱ्यांचं काही मोडणार असेल तर पहिला. आणि हो, हा दशांश नाही, १.९ नंतर १.१० च येतो. 'सिमँटिक रिलीज'सारखी साधनं तुमचे कमिट मेसेज वाचून हेही ठरवतात. गोम इथेच आहे. 'फिक्स' असं लिहून तुम्ही फंक्शनचं नावच बदललंत, तर मशीन बिचारं शेवटचा आकडा वाढवणार, आणि तुमच्या भरवशावर बसलेल्या दुसऱ्याचं ॲप कोसळणार. माझं मत विचाराल तर पहिला आकडा माणसानेच वाढवावा.

डोनाल्ड कनुथ यांना हा ताप नाही. त्यांच्या 'टेक'चं व्हर्जन दर वेळी 'पाय'च्या एक अंक जवळ जातं. २०२१ मध्ये ते ३.१४१५९२६५३ झालं!

फायनल इयरचा प्रोजेक्ट गिटवर असेल, तर 'व्ही०.१.०' हा टॅग आजच लावून बघा. त्याला नेट लागत नाही. भामरागडला बसून टॅग लावा, रेंज मिळाली की पुश करा.