पर्यटन किनाऱ्यांवरील जेट स्कीचे नियमन

पर्यटन किनाऱ्यांवरील जेट स्कीचे नियमन म्हणजे समुद्रस्नान, पोहणे, मासेमारी आणि जलक्रीडा एकाच ठिकाणी चालणाऱ्या किनाऱ्यांवर जेट स्कीचा वापर सुरक्षित राहावा म्हणून केलेले कायदे, नियम व स्थानिक व्यवस्था होय. त्यात क्षेत्रविभाजन, वेगमर्यादा, चालकाची पात्रता, भाड्याने वाहन देणाऱ्या व्यावसायिकाची जबाबदारी आणि संवेदनशील जलक्षेत्रांतील बंदी यांचा समावेश होतो. पर्यटन किनाऱ्यावर जेट स्की चालवणारी व्यक्ती बहुधा प्रथमच ते वाहन हाताळत असते. त्यामुळे चालकाच्या कौशल्यावर विसंबणाऱ्या नियमांपेक्षा पोहणारे आणि वाहने यांना एकमेकांपासून दूर ठेवणारे नियम येथे अधिक महत्त्वाचे ठरतात.

नाव आणि इतिहास

'जेट स्की' हे मूळचे कावासाकी या जपानी कंपनीचे व्यापारनाम आहे. क्लेटन जेकबसन दुसरे यांच्या कल्पनेवर आधारित, उभे राहून चालवण्याचे वाहन या कंपनीने १९७० च्या दशकाच्या प्रारंभी बाजारात आणले. त्यापूर्वी, १९६८ मध्ये, कॅनडाच्या बॉम्बार्डिए कंपनीने 'सी-डू' हे बसून चालवण्याचे वाहन विकण्यास सुरुवात केली होती. पुढे दोन-तीन जणांना बसता येईल अशी, अधिक स्थिर वाहने आली. ती नवशिक्यांनाही चालवता येत असल्याने भाड्याचा व्यवसाय जगभरच्या किनाऱ्यांवर पसरला. आज 'जेट स्की' हा शब्द सर्वच कंपन्यांच्या अशा वाहनांसाठी वापरला जातो; मराठीत 'वॉटर स्कूटर' असेही म्हणतात.

रचना आणि नियंत्रण

जेट स्कीला बाहेर उघडा पंखा किंवा सुकाणू नसते. इंजिनावर फिरणारे चक्र तळाकडून पाणी आत खेचते आणि मागील तोटीतून जोराने बाहेर फेकते. त्या झोताच्या प्रतिक्रियेने वाहन पुढे जाते. हँडल वळवले की तोटी वळते व झोताची दिशा बदलल्याने वाहन वळते.

नियमनाच्या दृष्टीने या रचनेतील सर्वांत महत्त्वाची बाब अशी की झोत नसेल तर वळणही नसते. समोर अडथळा दिसताच नवखा चालक घाबरून थ्रॉटल सोडतो आणि हँडल वळवतो. थ्रॉटल सोडल्यामुळे झोत मंदावतो व वाहन आधीच्या वेगाने जवळपास सरळ पुढे जात राहते. रस्त्यावरील दुचाकीची सवय येथे घातक ठरते, कारण अडथळा चुकवण्यासाठी थ्रॉटल काही प्रमाणात चालू ठेवावा लागतो. नव्या प्रतिमानांत हा दोष कमी करणाऱ्या सुकाणू-प्रणाली आणि झोत उलटवून वेग रोखणाऱ्या यंत्रणा आढळतात. मात्र जुन्या वाहनांत त्या नसतात. चालक पाण्यात पडल्यास इंजिन बंद व्हावे म्हणून त्याच्या मनगटाला किंवा लाइफ जॅकेटला जोडलेली सुरक्षा-दोरी बहुतेक वाहनांत असते.

अपघातांचे स्वरूप

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९९८ मध्ये या वाहनांच्या सुरक्षिततेचा अभ्यास प्रसिद्ध केला. इतर क्रीडानौकांच्या अपघातांत मृत्यूचे प्रमुख कारण बुडणे हे असते. जेट स्कीच्या बाबतीत मात्र ते आघातामुळे झालेली इजा हे असल्याचे त्यात नोंदवले गेले. लाइफ जॅकेट बुडण्यापासून वाचवते, पण धडकेपासून फारसे संरक्षण देत नाही. म्हणून केवळ लाइफ जॅकेट सक्तीचे करून जेट स्कीचा धोका आटोक्यात येत नाही.

दुसरा धोका मागे बसणाऱ्यास असतो. मागच्या बाजूने पाण्यात पडलेल्या व्यक्तीवर झोताचा मारा झाल्यास शरीराच्या आतील अवयवांना गंभीर इजा होऊ शकते. यासाठी उत्पादक जाड, अंगाला घट्ट बसणारा पोहण्याचा पोशाख घालण्याची सूचना वाहनावरच छापतात. भाड्याच्या फेरीत ही सूचना क्वचितच पाळली जाते.

नियमनाची साधने

क्षेत्रविभाजन व वेगमर्यादा: किनाऱ्यालगतचा पट्टा पोहणाऱ्यांसाठी राखून ठेवणे आणि तेथे वाहनांचा वेग अत्यल्प ठेवणे, हे सर्वाधिक वापरले जाणारे साधन आहे. न्यूझीलंडमध्ये किनाऱ्यापासून २०० मीटरच्या आत, तसेच पोहणाऱ्यापासून किंवा दुसऱ्या नौकेपासून ५० मीटरच्या आत ५ नॉटची, म्हणजे ताशी सुमारे ९ किलोमीटरची मर्यादा आहे. फ्रान्समध्ये हीच मर्यादा किनाऱ्यापासून ३०० मीटरच्या पट्ट्यात लागू असते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी जेट स्की २०० मीटर अंतर १२ सेकंदांत कापते; ५ नॉट वेगाने त्याच अंतरास सुमारे ७८ सेकंद लागतात. या जादा अवधीत पोहणाऱ्यास बाजूला होता येते व जीवरक्षकास इशारा देता येतो. ज्या किनाऱ्यांवर वाहनांना खोल पाण्याकडे नेण्यासाठी बोयांनी आखलेली मार्गिका असते, तेथे ये-जा त्याच मार्गिकेतून करावी लागते.

वय व परवाना: न्यूझीलंडमध्ये १० नॉटपेक्षा अधिक वेगाने जाऊ शकणाऱ्या नौकेच्या चालकाचे वय साधारणतः किमान १५ वर्षे असावे लागते. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात जेट स्कीसाठी स्वतंत्र परवाना घ्यावा लागतो. अशी अट वाहनमालकांना लागू करणे सोपे असते. एका फेरीपुरत्या आलेल्या पर्यटकाच्या बाबतीत मात्र परवान्याची जागा प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीने भरून काढावी लागते.

भाड्याचा व्यवसाय: व्यावसायिकाची नोंदणी, वाहनाची तपासणी, विमा, लेखी दर आणि फेरीपूर्वीच्या सूचना यांचा यात अंतर्भाव होतो. थायलंडमधील पट्टाया व फुकेत येथे वाहन परत केल्यावर पर्यटकावर आधीच्या ओरखड्यांचा आळ घेऊन मोठी भरपाई मागण्याचे प्रकार कुप्रसिद्ध झाले आणि त्यावरील उपायांत विम्याच्या सक्तीचाही समावेश झाला. भाड्याच्या व्यवसायाचे नियमन हा सुरक्षेइतकाच ग्राहकहिताचाही विषय असल्याचे यातून दिसते.

कायदेशीर व्याख्येचा प्रश्न

जेट स्की कायद्याच्या दृष्टीने 'जहाज' आहे काय, यावर सागरी कायद्यातील गुन्ह्यांची कलमे लागू होणे अवलंबून असते. इंग्लंडमधील वेमथ येथे झालेल्या एका धडकेनंतर चालकास व्यापारी नौवहन कायद्याखाली दोषी ठरवण्यात आले होते. अपील न्यायालयाने २००५ मध्ये ते रद्द केले. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याचा हेतू नसताना केवळ मौजेसाठी पाण्यात घिरट्या घालणे म्हणजे नौकानयन नव्हे, म्हणून जेट स्की त्या कायद्यातील व्याख्येत बसत नाही, असे न्यायालयाचे मत होते. त्यामुळे निर्माण झालेली पोकळी भरून निघण्यास सतरा वर्षांहून अधिक काळ लागला. ३१ मार्च २०२३ पासून लागू झालेल्या आदेशाने जेट स्की व तत्सम वाहने या कायद्याच्या कक्षेत आली. धोकादायक चालनासाठी दोन वर्षांपर्यंत कैद व अमर्याद दंड अशी शिक्षा शक्य झाली.

बंदी

काही ठिकाणी संपूर्ण किंवा हंगामी बंदीचा मार्ग स्वीकारण्यात आला आहे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील सॅन वान परगण्याने १९९६ मध्ये बंदीचा अध्यादेश काढला व राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये तो वैध ठरवला. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने २००० मध्ये आपल्या बहुतेक क्षेत्रांत या वाहनांना मनाई केली. काही मोजक्या क्षेत्रांत पुढे विशेष नियमांद्वारे परवानगी देण्यात आली. सिडनी बंदरात २००१ पासून जेट स्कींना बंदी आहे. हवाई बेटांपैकी माउईच्या पश्चिम व दक्षिण किनाऱ्यांवर कुबड देवमाशांच्या हंगामात, १५ डिसेंबर ते १५ मे या काळात, त्या चालवता येत नाहीत.

बंदीमागे आवाज, उथळ पाण्यातील वनस्पतींची हानी, पक्षी व सागरी प्राण्यांचे विचलन आणि इंधनाचे प्रदूषण ही कारणे असतात. जुन्या द्विघाती इंजिनांतून इंधनाचा मोठा भाग न जळताच पाण्यात जात असे. चतुर्घाती इंजिनांमुळे हे प्रदूषण घटले. मात्र वेग व वर्दळ यांमुळे होणारा उपद्रव इंजिन बदलल्याने दूर होत नाही.

भारतातील स्थिती

गोव्यात कळंगुट, बागा, कांदोळी इत्यादी किनाऱ्यांवर हा व्यवसाय केंद्रित आहे. नौकांच्या बाबी बंदर कप्तान खाते आणि व्यवसायाची नोंदणी पर्यटन खाते पाहते. किनाऱ्यांवर २००८ पासून संघटित जीवरक्षक सेवा असून पोहण्याचे क्षेत्र लाल-पिवळ्या झेंड्यांनी दर्शवले जाते. महाराष्ट्रात अलिबाग, काशीद, मुरुड, तारकर्ली, मालवण आदी ठिकाणच्या जलक्रीडांना महाराष्ट्र सागरी मंडळाची परवानगी लागते आणि पावसाळ्यात त्या बंद ठेवल्या जातात. गोव्यातील राष्ट्रीय जलक्रीडा संस्था चालक व जीवरक्षकांना प्रशिक्षण देते.

भारतीय किनाऱ्यांवर पर्यटकाच्या मागे व्यावसायिकाचा चालक बसण्याची पद्धत रूढ आहे. त्यामुळे नवख्या हाताचा धोका कमी होतो; तथापि सुरक्षेचा भार त्या चालकाच्या प्रशिक्षणावर व सावधपणावर येऊन पडतो. फेऱ्यांच्या संख्येवर मिळकत अवलंबून असल्यास घाई करण्याकडे कल वाढतो. परवाना वाहनाला दिला तरी प्रत्यक्ष चालवणारी व्यक्ती तपासली गेली नाही, तर तो परवाना कागदावरच राहतो.

कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावर रापण ही पारंपरिक मासेमारीही चालते. तीत होडीतून अर्धवर्तुळाकार सोडलेले लांब जाळे अनेक जण मिळून किनाऱ्याकडे ओढतात. जाळ्याच्या त्या घेरातून जेट स्की गेल्यास जाळे फाटते आणि दोरी तळाच्या शोषमार्गात अडकून वाहनही बंद पडू शकते. अंतराच्या आधारे समुद्र वाटून देण्याची कल्पना या किनाऱ्याला नवी नाही: ट्रॉलरविरोधी आंदोलनानंतर गोव्याच्या १९८० च्या सागरी मासेमारी कायद्याखाली किनाऱ्यालगतचा ५ किलोमीटरचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखण्यात आला. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालत असल्याने तेथे पर्यटन-व्यवहारांवर अधिक निर्बंध आहेत.

अंमलबजावणी

पाण्यावर आखलेली रेषा दिसत नाही. तिची जाणीव बोया, झेंडे आणि जीवरक्षकांच्या उपस्थितीतूनच होते. लाटांनी बोया वाहून गेल्या आणि त्या पुन्हा बसवल्या नाहीत, तर राखीव पट्टा व्यवहारात संपुष्टात येतो. वाहनावर दुरून वाचता येईल असा क्रमांक नसल्यास तक्रार नोंदवणेही कठीण होते. जीवरक्षकांचे मुख्य काम बुडणाऱ्यांना वाचवणे हे असून दंड करण्याचा अधिकार सहसा दुसऱ्या यंत्रणेकडे असतो. नियमभंग पाहणारा व कारवाई करणारा यांतील हे अंतर जेथे कमी असते, तेथे क्षेत्रविभाजनाचे नियम अधिक परिणामकारक ठरतात.